एकोणीस एकांची मूळ संख्या

१ हा अंक ओळीने एकोणीस वेळा मांडला असता मिळणारी ११,११,११,११,११,११,११,११,१११ ही संख्या मूळ आहे; म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला दुसरा विभाजक नाही. १०च्या एकोणिसाव्या घातातून १ वजा करून ९ने भागले की ती मिळते. केवळ १ या अंकाने बनलेल्या संख्यांना रेपयुनिट म्हणतात. त्यांत मूळ संख्या फार विरळ आहेत : ११नंतर थेट ही, मग तेवीस एकांची, त्यानंतर एकदम ३१७ अंकी आणि १,०३१ अंकी.

नाशिकजवळच्या देवळालीत १९३० ते १९६२ या काळात शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचे या संख्याकुळाशी जवळचे नाते होते. ११चा वर्ग १२१, १११चा १२३२१ आणि नऊ एकांचा १२३४५६७८९८७६५४३२१. अशा वर्गांचा त्यांनी डेमलो संख्या म्हणून अभ्यास केला. दहा एकांपासून हातचा येऊ लागतो आणि हा देखणा क्रम मोडतो.

एक किती वेळा मांडला आहे ती गणती संयुक्त, म्हणजे मूळ नसलेली, असेल (१ सोडून), तर रेपयुनिटही संयुक्तच असते, उदा., १,११,१११ = १११ × १,००१. याचा व्यत्यास मात्र खरा नाही : १११ = ३ × ३७, ११,१११ = ४१ × २७१, ११,११,१११ = २३९ × ४,६४९. अकरा, तेरा आणि सतरा एकांच्या संख्याही अशाच फुटतात.

एकोणीस एकांच्या संख्येला एखादा मूळ विभाजक असलाच, तर त्याने १०च्या एकोणिसाव्या घाताला भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे. अंकांची बेरीज १९ असल्याने तो विभाजक ३ असू शकत नाही, आणि म्हणून फर्माच्या प्रमेयानुसार तो ३८च्या पटीपेक्षा १ने मोठाच असावा लागतो. वर्गमूळ सुमारे १०५ कोटी असल्यामुळे इतके करूनही जवळपास पावणेतीन कोटी उमेदवार उरतात आणि हाताने भागाकार करणे अशक्यप्राय ठरते. सोय वेगळ्याच ठिकाणी आहे. या संख्येच्या लगत आधीची संख्या सहज अवयवांत मांडता येते : २ × ३² × ५ × ७ × ११ × १३ × १९ × ३७ × ५२,५७९ × ३,३३,६६७. संख्या मूळ आहे का हे तपासणाऱ्या, फ्रेंच गणितज्ञ एड्वार ल्यूका यांच्या कसोटीला नेमके हेच अवयव लागतात, त्यामुळे सिद्धता आटोपशीर होते. ही संख्या मूळ असल्याचे ऑस्कर हॉप यांनी १९१८ साली सिद्ध केले. ती आधीची संख्या आपल्या अंकांच्या बेरजेने, म्हणजे १८ने, निःशेष भागली जाते. कापरेकरांच्या परिभाषेत ती हर्षद संख्या होय.

१ला या मूळ संख्येने भागले असता दशांश चिन्हापुढे अठरा शून्ये आणि एक ९ असा एकोणीस अंकांचा गट अखंड आवर्तत राहतो. व्यस्ताच्या आवर्तनाची लांबी नेमकी १९ असणारी दुसरी कोणतीही मूळ संख्या नाही.