चालण्याने गुडघे झिजतात का?

'साठीनंतर गुडघे दुखू लागले की चालणं बंद करा, जेवढं चालाल तेवढी झीज वाढेल', हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतोही, कारण चालताना दुखतं आणि बसलं की बरं वाटतं. त्यात एक्स-रे बघून कुणी 'गॅप कमी झालाय' म्हटलं, की गुडघा म्हणजे चपलेचा तळ वाटू लागतो.

पण गुडघ्यातली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) जिवंत असते. तिला रक्तवाहिन्या नसतात. पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून. पाऊल टाकताना दाब पडतो, सुटतो, तेव्हा हा द्रव आत-बाहेर होतो. नुसतं बसून राहिलं तर मांडीचे स्नायू रोडावतात आणि सांध्यावरचा भार वाढतो. म्हणूनच झिजेच्या संधिवातात व्यायाम हा मुख्य उपचारांपैकी एक आहे.

पडताळा घरीच घेता येतो. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसा, हात छातीवर घ्या, कुणालातरी जवळ उभं करा आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजा. मग नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर रोज 10 मिनिटं चालायला लागा, हळूहळू वाढवा. पांडवलेणीच्या पायऱ्या तूर्त राहू द्या! दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. चालल्यावरचं दुखणं सकाळपर्यंत नेहमीइतकं झालं तर ठीक, नाहीतर अंतर कमी करा.

गुडघा अचानक सुजला, लाल-गरम झाला, अडकला किंवा पडल्यावर पाय टेकवेना, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.