२ चा ६७ वा घात वजा १ : पार्श्वभूमी

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७. ही एकवीस आकडी संख्या मूळ नाही, हे आज संगणक क्षणात सांगतो. पण सव्वादोनशेहून जास्त वर्षं ती मूळ संख्यांच्या यादीत मानाने बसली होती.

यादी छापली गेली १६४४ मध्ये, पॅरिसमधल्या एका धर्मोपदेशकाच्या ग्रंथात. दोनच्या घातातून १ वजा केला की मूळ संख्या देणारे २५७ पर्यंतचे घातांक एवढेच : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. सिद्धता दिलेली नव्हती. पुढे ६७ आणि २५७ चुकीचे निघाले, तर ६१, ८९ आणि १०७ राहून गेलेले.

१८८३ मध्ये ६१ चा निकाल लागला, म्हणजे तो मूळ संख्या देतो हे सिद्ध झालं, आणि ‘६७’ हा ६१ चा मुद्रणदोष असावा, असं बोललं जाऊ लागलं. हे स्पष्टीकरण सोयीचं आहे, पण मला ते पुरेसं वाटत नाही. यादीतला प्रत्येक घातांक दोनच्या एखाद्या घाताला खेटून आहे, फार तर तीनच्या अंतरावर : १३ म्हणजे १६ वजा ३, १९ म्हणजे १६ अधिक ३, १२७ म्हणजे १२८ वजा १. त्यात ६४ अधिक ३, म्हणजे ६७, चपखल बसतो. तो छापखान्यात नव्हे, अंदाज बांधतानाच आला असणार. मुद्रणदोषवाल्यांचा एक मुद्दा मात्र खरोखर भक्कम आहे : ६४ वजा ३, म्हणजे ६१, याच न्यायाने यायला हवा होता आणि तो आला नाही. पण ते मान्य केलं तरी ८९, १०७ आणि २५७ चं काय?

सुरुवातीची एकवीस आकडी संख्या संयुक्त, म्हणजे मूळ नसल्याचं १८७६ मध्येच एका फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं होतं, तेही एकही अवयव हाती न घेता. इथे अनेकांचा गोंधळ होतो. अवयव आहेत हे कळणं वेगळं, ते सापडणं वेगळं. आजच्या सांकेतिक लेखनाची, म्हणजे संदेश गुप्त ठेवण्याच्या पद्धतींची, मोठी भिस्त याच फरकावर आहे.

अवयव मिळाले १९०३ मध्ये. न्यूयॉर्कच्या एका सभेत एक प्राध्यापक फळ्यापाशी गेले, दोनचा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला आणि शेजारी १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार मांडला. दोन्ही उत्तरं जुळली. एक शब्दही न बोलता ते जागेवर जाऊन बसले, असं सांगतात. अशा अवयवातून १ वजा केला की बाकीला १३४ ने, म्हणजे ६७ च्या दुपटीने, निःशेष भाग जावाच लागतो. लहान अवयवाला तो १४४५५८० वेळा जातो. म्हणजे १३४ च्या टप्प्याने एकेक उमेदवार तपासत गेलं असतं, तर चौदा लाखांहून जास्त पायऱ्या. वर्गशेषांच्या, म्हणजे वर्गसंख्यांना भागल्यावर उरणाऱ्या बाकींच्या, आधाराने ती चाळणी बारीक केली गेली.

८९ चा निकाल १९११ मध्ये, १०७ चा १९१४ मध्ये लागला. २५७ पर्यंतची दुरुस्त यादी पूर्ण व्हायला १९४७ साल उजाडलं.