तार ताणणी

कुंपणाची तार खांबाला पक्की करण्याआधी ओढून घट्ट करण्याचे हातहत्यार. तारेची टोके दोन पकडींत धरायची, दांडा इकडून तिकडे हलवत साखळीची एकेक कडी आत घ्यायची, हवा तेवढा ताण आला की टोके गाठायची आणि हत्यार सोडवून घ्यायचे, एवढेच याचे काम. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये याला ‘स्ट्रेनर’ म्हणतात, अमेरिकेत ‘स्ट्रेचर’. आपल्याकडे दुकानात ‘वायर पुलर’ मागितला की मिळतो. शेतावर मात्र बहुतेक जण नुसते ‘तार ओढायची पुली’ म्हणतात, मग त्यात पुली असो वा नसो.

कुंपणाचा खर्च सांगताना आपण खांब आणि तारेची बंडले मोजतो, ताण मोजत नाही. प्रत्यक्षात जनावर अडते ते ताणामुळे. अडीच मिलिमीटर जाडीची पोलादी तार, दोन खांबांत तीन मीटर अंतर, आणि एका ताणखांबापासून दुसऱ्यापर्यंत १०० मीटरची ओढ, असे कुंपण धरा. गाय किंवा रानडुक्कर मधोमध २० किलोच्या जोराने तारेला रेटते आहे. तारेत १५० किलोचा ताण असेल तर ती जेमतेम १० सेंटीमीटर बाजूला जाते. ताण ३० किलोच असेल तर तीच तार सुमारे २३ सेंटीमीटर सरकते. दोन तारांमध्ये तेवढी फट मिळाली की डोके आत जाते, आणि डोके गेले की अंग जाते. तारेचा प्रकार, खांबांतील अंतर, तारांची संख्या सगळे तेच असते. फरक असतो तो फक्त ताणाचा. स्वतःच्या वजनाने पडणारा झोळ तुलनेने क्षुल्लक आहे. १५० किलोवर ताणलेली ही तार तीन मीटरच्या गाळ्यात अर्धा मिलिमीटरही झुकत नाही. म्हणून लांबून सरळ दिसणारी तार घट्ट असेलच असे नाही. ती हाताने दाबूनच पाहावी लागते.

तारेचे कुंपण एकोणिसाव्या शतकात पसरले. जोसेफ ग्लिडन या इलिनॉय राज्यातील शेतकऱ्याला काटेरी तारेचे गाजलेले पेटंट २४ नोव्हेंबर १८७४ रोजी मिळाले. दोन तारांच्या पिळात काटा अडकवून तो जागचा हलू न देणे ही त्याची कल्पना. आजही बाजारातली काटेरी तार मुख्यतः याच घडणीची असते, आणि भारतात तिच्यासाठी आयएस २७८ हे मानक आहे. तार स्वस्त झाली आणि मैलोन्‌मैल कुंपणे उभी राहू लागली, तशी ती ताणायची कशी हा रोजचा प्रश्न झाला. तरफेने, रहाटासारख्या फिरकीने, कप्पीवरच्या दोराने, नाहीतर गाडीच्या चाकाला तार गुंडाळून लोक काम भागवत. यात ओढ बसे, पण ओढलेली तार गाठ मारेपर्यंत धरून ठेवणे अवघड जाई. ताण देणे आणि तो धरून ठेवणे ही दोन कामे एकाच माणसाला जमावीत, ही खरी गरज होती.

तिचे सर्वांत समाधानकारक उत्तर न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील सेंट्रल ओटागो भागातून आले. ओटुरेहुआ या लहानशा गावी अर्नेस्ट हेज या इंग्लंडहून आलेल्या पिठाच्या गिरणीच्या कारागिराने १८९५ मध्ये शेतावरच अवजारांचा कारखाना सुरू केला. त्या वेळी ओटागोत सशांनी कुरणे फस्त केली होती. हेजचे पहिले यंत्र सशांसाठी ठेवायच्या विषारी आमिषाचे तुकडे करण्यासाठी होते. मालाची मागणी मिळवायला त्याची पत्नी हॅना सायकलवरून दूरदूरच्या मेंढपाळ वसाहतींपर्यंत जात असे. कच्चे रस्ते, लांब झगा आणि त्या काळची जड सायकल लक्षात घेता, या हत्याराच्या इतिहासात तिचे नाव नवऱ्याच्या बरोबरीने घेतले पाहिजे असे मला वाटते. कारखाना आधी हातानेच चाले. पुढे पवनचक्की आणि त्यानंतर पाण्यावर फिरणारे पेल्टन चाक आले, आणि छताखालच्या लांब दांड्यावरून पट्ट्यांनी सगळी यंत्रे फिरू लागली. हेजने तार ताणण्याची अनेक हत्यारे केली. त्यांतली १९२४ मधली ‘समांतर ताणणी’ जगभर गेली आणि तिचाच नमुना आजही बनतो. कंपनी १९५२ मध्ये क्राइस्टचर्चला हलली. जुना कारखाना पट्टे आणि यंत्रांसह वारसा म्हणून जतन केलेला आहे.

हेजच्या ताणणीची रचना हातात घेतल्यावर मिनिटभरात कळते. सुमारे हातभर लांबीचा दांडा, त्याच्या एका टोकाशी खिळीच्या दोन बाजूंना दोन आकडे, आणि त्या आकड्यांमधून जाणारी साखळी. एक पकड साखळीच्या टोकाला, दुसरी ताणणीच्या अंगाला. तारेचे एक टोक एका पकडीत, दुसरे दुसरीत. दांडा डावीकडे नेला की एक आकडा साखळी ओढतो, आणि तेवढ्यात दुसरा आकडा पुढची कडी गाठतो. दांडा उजवीकडे आणला की ओढायचे काम दुसऱ्याकडे जाते. दोन हातांनी दोर ओढताना एक हात धरतो आणि दुसरा पुढे सरकतो, तसेच हे. कोणत्याही क्षणी एक आकडा कडीत असतोच, म्हणून दांडा सोडला तरी ताण जात नाही. लांब दांडा आणि आकड्यांमधले थोडे अंतर यांमुळे तरफेचा फायदा मोठा मिळतो. सडसडीत माणूसही दीडशे-दोनशे किलोचा ताण सहज आणतो. ओढली जाणारी टोके एकमेकांशेजारून समांतर जातात, त्यामुळे हत्यार जागेवर असतानाच गाठ मारता येते.

पकडीत खरे कसब आहे. ओढ वाढेल तशी आवळत जाणारी पाचर किंवा मध्यापासून बाजूला आस असलेली चकती तिच्यात असते, म्हणजे तारेचा ताणच तारेला धरून ठेवतो. पकडीचे दात फार धारदार असले तर जस्ताचा मुलामा खरवडला जातो आणि नेमका तिथेच गंज धरतो. उच्चताण पोलादाची, म्हणजे बारीक असूनही जास्त ताण सोसणारी कडक तार तर खाचेला फार हळवी असते. पक्कडीने चिमटा बसलेल्या जागी ती पुढे कधीतरी तुटते. म्हणून अशा तारेसाठी गुळगुळीत जबड्याची पकड वापरतात. काटेरी तारेत पकड दोन काट्यांच्या मधल्या पिळावर बसवावी लागते.

न्यूझीलंडच्या कुंपणाची जुनी तार म्हणजे ‘आठ नंबर’, ब्रिटिश गेजप्रमाणे जवळपास चार मिलिमीटर जाडीची मऊ पोलादी तार. ती शेतावर इतक्या कामांना लागे की हाताशी असेल त्यातून काम निभावण्याच्या हिकमतीला तिकडे ‘आठ नंबरची तार’ असेच म्हणू लागले. पुढे तिची जागा अडीच मिलिमीटरच्या उच्चताण तारेने घेतली. बारीक तार जाड तारेपेक्षा चांगली कशी, ही शंका शेतकऱ्याला येतेच. तिचे उत्तर हवामानात आहे. १०० मीटर लांबीची चार मिलिमीटरची तार १५० किलोने ताणली की ती सुमारे ६ सेंटीमीटर लांबते. अडीच मिलिमीटरची तार त्याच ताणाला सुमारे १५ सेंटीमीटर लांबते. आता तापमान ५० अंशांनी चढले तर १०० मीटर पोलाद आपणहून ६ सेंटीमीटर वाढते, तार जाड असो वा बारीक. म्हणजे हिवाळ्यात ताणलेली जाड तार कडक उन्हाळ्यात पूर्ण ढिली पडते, तर बारीक तारेत निम्म्याहून जास्त ताण शिल्लक राहतो. तुटेपर्यंतची ताकद दोन्हींची जवळपास सारखीच असते. ओटुरेहुआच्या परिसरातल्या ओफिर गावी ३ जुलै १९९५ रोजी उणे २१.६ अंश तापमान नोंदले गेले, आणि उन्हाळ्यात तिथेच पारा तिशीपलीकडे जातो. अशा मुलखात पुन्हा पुन्हा तार ताणण्याचे हत्यार सुधारत जावे, हे साहजिकच होते.

हा हिशेब आपल्याकडेही लागू पडतो. नागपूर-चंद्रपूरकडे जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या खाली येतो, मे महिन्याच्या दुपारी ४५ च्या वर जातो, आणि उन्हातली तार हवेपेक्षाही जास्त तापते. मे महिन्यात भर दुपारी खेचून बांधलेली तार थंडीत आणखी आवळते आणि कोपऱ्याचा कच्चा डांब वाकवते. थंडीत बेताने ताणलेली तार उन्हाळ्यात लोंबते. शक्यतो सकाळी, मध्यम हवेत ताणावी, आणि पहिला उन्हाळा-हिवाळा पाहून एकदा पुन्हा ताणावी.

महाराष्ट्रात वई, काटेरी फांद्यांचे कुंपण आणि दगडी बांध मागे पडून दगडी किंवा सिमेंटचे डांब आणि काटेरी तार आली, पण ताणणी तिच्याबरोबर सगळीकडे आली नाही. अजूनही पुष्कळ ठिकाणी पहारीवर काम चालते. तारेचा वेढा पहारीला घ्यायचा, पहार डांबाला टेकवायची, एकाने रेटायचे आणि दुसऱ्याने घाईने बांधायचे. माणसे अनुभवी असतात, ओढही चांगली बसते. पण पहार सोडताच तार परत येते, आणि पहारीच्या वेढ्याने पडलेली मुरड कायमची राहते. पाच तारांच्या कुंपणात प्रत्येक तारेला वेगळाच ताण येतो. कुंपणाच्या एकूण खर्चात या हत्याराची किंमत अगदी थोडी आहे. दोन-चार शेजाऱ्यांत मिळून एक घेतले तरी पुरते, कारण ते वर्षातून मोजकेच दिवस लागते.

ताणाचे महत्त्व ज्यांनी पुरते ओळखले आहे ते आपले द्राक्षबागायतदार. नाशिक, सांगली, तासगाव भागात वेलीचा मांडव किंवा वाय आकाराचे अँगल तारांवरच उभे असतात. घड भरले की सगळे ओझे तारांवर येते, आणि एक ओळ ढिली पडली तर घड खाली लोंबून पानांच्या सावलीची घडीच मोडते. बाग उभारताना कडेचे डांब तिरपे पुरून त्यांना जमिनीत गाडलेल्या दगडाचा ताण देतात, आणि मग तारा ओढतात. मांडवावर ओढणारे हात कुंपणावर आले की काम लगेच वेगळे दिसते.

ताणणी कितीही चांगली असली तरी कोपऱ्याचा खांब हलला तर सगळे वाया जाते. पाच तारा, प्रत्येकी १५० किलो, म्हणजे पाऊण टनाची ओढ एका खांबावर येते. तो मधल्या खांबांपेक्षा जाड आणि खोल हवा, ओढीच्या दिशेने त्याला तिरपा टेकू हवा, आणि काँक्रीट घातले असेल तर ते पुरते पिकल्याशिवाय तारेला हात लावू नये. एक तार ताणली की खांब केसभर झुकतो, दुसरी ताणली की पहिली किंचित ढिली पडते. म्हणून सगळ्या तारा एका फेरीत पूर्ण न ताणता दोन फेऱ्यांत ताणतात. तार मधल्या खांबांना आधीच आवळून बांधणे ही नेहमीची चूक. बाइंडिंग तारेचा फास सैल ठेवला तरच तार सरकते आणि ताण टोकापर्यंत पोहोचतो. ताणणी शक्यतो ओढीच्या मध्यावर लावावी. दोन्ही बाजूंना घर्षण वाटले जाते आणि दोन्ही टोकांना जवळपास सारखा ताण मिळतो. काटेरी तारेचे काटे फासात अडकतात, त्यामुळे ती मागाहून ताणणे साध्या तारेपेक्षा फार कठीण. तिला पहिल्यांदाच नीट ताणलेले बरे. ताण किती आला हे मोजायला महागडे साधन लागत नाही. तार हाताने ओढून सरळ झाली की खूण करावी. अडीच मिलिमीटरची १०० मीटर तार त्या खुणेपासून १५ सेंटीमीटर आत आली की दीडशे किलो झाले. टोके जोडताना आठाच्या आकड्याची गाठ मारतात. ती ताणाखाली आवळत जाते आणि तारेला तीव्र मुरड पाडत नाही.

काही ताणण्या तारेतच कायम राहतात. खाचांचे चाक आणि खिट्टी असलेली लहान फिरकी तारेत बसवली की दरवर्षी पान्ह्याने दोन खाचा फिरवून ढिलेपणा काढता येतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील शेफील्ड येथील ह्यू फेसी यांनी ‘ग्रिपल’ नावाचा चिमुकला जोड आणला. त्यात तार एका दिशेने शिरते, उलट येत नाही. गाठ मारायचे काम वाचते, आणि जगभरच्या द्राक्षमळ्यांत तो पोहोचला आहे. झटका मशीनच्या सौर कुंपणाला इतका ताण लागत नाही. तिथे जनावर झटक्याला बिचकते, आणि जादा ताणाने कोपऱ्यावरचे इन्सुलेटर फुटतात. काटेरी तारेत मात्र झटक्याचा प्रवाह कधीही सोडू नये, कारण काट्यांत अडकलेले जनावर सुटू शकत नाही.

ताणलेली तार तुटली तर चाबकासारखी फिरते. १५० किलोच्या तारेत साठलेली शक्ती डोळा घालवायला पुरेशी आहे. जाड हातमोजे आणि चष्मा घालावा, ताणताना तारेच्या रेषेत उभे राहू नये, मुलांना जवळ थांबू देऊ नये. दांड्याला पाइप घालून तो लांब करू नये, कारण मग साखळी किंवा पकड कुठे सुटेल याचा अंदाज राहत नाही. काम झाल्यावर ताण एकदम न सोडता आकडे उलटे चालवत कडीकडीने उतरवावा. साखळीतली माती झाडून, पकडीच्या पाचरीला तेलाचा थेंब देऊन हत्यार कोरड्या जागी टांगून ठेवावे. पाचर गंजून अडली की पकड घसरते, आणि ती घसरते ती नेमकी ताण सर्वांत जास्त असतानाच.