सुरुंगस्फोट (खाणकाम व बांधकाम)

सुरुंगस्फोट : खडकात छिद्रे पाडून, त्यांत स्फोटक भरून, ठरलेल्या क्रमाने ते उडवून खडक हवा तेवढा आणि हवा तसा फोडण्याची पद्धत. कोळसा, चुनखडी व लोहखनिजाच्या उघड्या खाणी, खडीच्या दगडखाणी, बोगदे, धरणांचे पाये, घाटरस्त्यांच्या कापण्या आणि विहिरी ही तिची मुख्य कामे. ‘सुरुंग’ हा शब्द भुयार या अर्थाच्या संस्कृत ‘सुरुङ्गा’वरून आला, त्याचे मूळ ग्रीक असावे, असे भाषातज्ज्ञ मानतात. हिंदीत सुरंग अजून भुयारच आहे. मराठीने भुयाराला बोगदा म्हटले आणि सुरुंग हे नाव ते खोदणाऱ्या बाराला देऊन टाकले.

महाराष्ट्राच्या पठारावर सुरुंग ओळखीचा झाला तो विहिरींमुळे. माती, मुरूम, मांजऱ्या (मऊसर खडक) असे थर संपून काळा कातळ लागला की पहार टणकन उसळून परत येते आणि सुरुंगवाल्याला बोलावणे जाते. पूर्वी छिणी-घणाने भोके पाडत. आता ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर आणि जॅकहॅमर येतो. कांड्या आत सारायच्या, वर मुरूम ठासायचा, माणसे-जनावरे लांब न्यायची, ओरडून इशारा द्यायचा. बार उडतो तेव्हा आधी पायाला जमिनीतून हिसका बसतो आणि मग आवाज कानावर येतो, कारण खडकातली लाट हवेतल्या आवाजापेक्षा कितीतरी वेगाने धावते. पायाला बसलेला तो हिसका म्हणजे खडक फोडण्याच्या कामी न आलेली ऊर्जा. गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांतले या विषयावरचे बरेचसे संशोधन या वाया गेलेल्या वाट्याचा माग काढण्यात गेले आहे.

बंदुकीच्या दारूचा शोध लागण्याआधी खाणीत खडकालगत लाकडे पेटवून तो तापवत आणि फुटेपर्यंत वाट पाहत. खाणकामात काळी दारू वापरल्याची पहिली लेखी नोंद ८ फेब्रुवारी १६२७ ची आहे. तिरोलहून आलेल्या कास्पार वाइंडल याने आजच्या स्लोव्हाकियातील बान्स्का श्तियाव्निका येथे हा प्रयोग केला. त्यानंतर दोन शतके अपघातांचे एक मोठे कारण होती वात. ती कधी भसकन जळे, कधी रेंगाळे. १८३१ मध्ये कॉर्नवॉलच्या विल्यम बिकफर्डने तागाच्या सुतात दारू वळून ठरलेल्या वेगाने जळणारी वात बनवली. १८४७ मध्ये इटलीत आस्कानिओ सोब्रेरोने नायट्रोग्लिसरीन तयार केले, पण ते हाताळायचे कसे हे सुटेना. आल्फ्रेड नोबेलने आधी ते हमखास उडवणारा डिटोनेटर आणि मग १८६७ मध्ये ते मातीत जिरवून केलेले डायनामाइट आणले. भोर घाटातला रेल्वेमार्ग त्यापूर्वी, १८५६ ते १८६३ या काळात झाला. खंडाळ्याच्या कड्यांतले ते जुने बोगदे म्हणजे हाताने पाडलेली भोके आणि काळी दारू, एवढ्यावरच झालेले काम. कड्यावर उभे राहायला जागा नसे तिथे माणसांना दोराने खाली सोडून भोके पाडून घेत.

विसाव्या शतकाच्या मध्यावर डायनामाइटची सद्दी संपली ती खतामुळे. १६ एप्रिल १९४७ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी बंदरात अमोनियम नायट्रेटने भरलेले जहाज उडाले, शेकडो माणसे गेली, आणि हे स्वस्त खत केवढी ताकद बाळगून आहे ते जगाला कळले. १९५० च्या दशकात त्याच्या साबुदाण्यासारख्या पांढऱ्या दाण्यांत डिझेल मुरवून केलेले मिश्रण खाणीत आले. ते ‘आन्फो’ या नावाने ओळखले जाते. ते स्वस्त आहे आणि हाताळायला डायनामाइटपेक्षा पुष्कळ सुरक्षित, पण पाण्याला भित्रे. दाणे भिजले किंवा डिझेल कमी पडले तर रासायनिक हिशेब जुळत नाही आणि स्फोटानंतर नायट्रोजन डायऑक्साइडचा नारिंगी धूर उठतो. अनुभवी फोरमन त्या धुराच्या रंगावरून बार कसा झाला ते ओळखतो, आणि तो धूर विषारी असल्याने माणसांना लांबही ठेवतो. पाण्याने भरलेल्या छिद्रांसाठी अमेरिकेत मेल्विन कुकने १९५६ च्या सुमारास स्लरी, म्हणजे पाणी घालून केलेली रबडीसारखी स्फोटके काढली; पुढे त्यांची जागा इमल्शनने घेतली. इमल्शन म्हणजे नायट्रेटच्या द्रावणाचे सूक्ष्म थेंब तेलात बसवलेला दाट, चिकट लगदा. मोठ्या खाणीत हल्ली तो टँकरमधून थेट छिद्रात पंपाने सोडतात आणि त्याला स्फोटकाचा गुण तिथे पोहोचल्यावरच येतो. भारतात नायट्रोग्लिसरीनयुक्त स्फोटकांवर २००४ पासून बंदी आहे. तेव्हा बातम्यांत ‘डायनामाइट लावून उडवले’ असे अजून छापून येत असले, तरी इथल्या खाणीतून डायनामाइट केव्हाच हद्दपार झाले आहे. या धंद्याचे देशातले मोठे केंद्र नागपूर आहे. केंद्र सरकारच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय तिथे आहे आणि स्फोटकांचे मोठे कारखानेही त्या परिसरात आहेत.

खडक नेमका फुटतो कसा, यावर अभ्यासकांचे बराच काळ दोन तट होते. एकाच्या मते सगळा खेळ आघाताच्या लाटेचा. छिद्रातून निघालेली दाबाची लाट खडकाच्या मोकळ्या तोंडाशी पोहोचली की उलटते आणि ताणाची लाट होऊन परत येते. खडक दाब सोसण्यात पहिलवान असतो, ताण सोसण्यात दुबळा. त्याची ताणशक्ती दाबशक्तीच्या साधारण दहाव्या हिश्श्याची. म्हणून तो तोंडाकडून आत सोलत जातो. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की लाट फक्त तडे पाडते आणि खरे काम त्या तड्यांत पाचरीसारखा घुसणारा तप्त वायू करतो. आज दोन्ही मान्य आहेत : आधी लाट, मागून वायू, आणि कोणाचा वाटा किती ते खडकावर अवलंबून. यावरूनच ठासणीचे महत्त्व कळते. छिद्राच्या तोंडाशी खडीचा चुरा नीट ठासला नसेल तर वायू बंदुकीच्या गोळीसारखा वर निसटतो, खडक जागच्या जागी राहतो आणि दगड मात्र लांबवर उडतात. छिद्रांच्या पुढच्या रांगेपासून मोकळ्या तोंडापर्यंतच्या अंतराला खाणीत ‘बर्डन’ म्हणतात. ते फार ठेवले तर सगळा जोर जमीन हादरवण्यात जातो. फार कमी ठेवले तर दगड उडतात. सुरुंगाच्या आखणीतली निम्मी अक्कल या एका अंतरात आहे, असे म्हटले तरी चालेल.

उरलेली निम्मी वेळेत आहे. शंभर छिद्रे एकदम उडवली तर मागच्या रांगांना सरकायला जागाच मिळत नाही. म्हणून एकेक रांग काही मिलिसेकंदांच्या अंतराने उडवायची, म्हणजे पुढची सरकून मागचीला मोकळे तोंड करून देते. ही पद्धत १९४० च्या दशकात रुळली. बघणाऱ्याला एकच लांबट गडगडाट ऐकू येतो. प्रत्यक्षात ते अनेक छोटे बार असतात. सुरुवातीला हा विलंब विजेच्या डिटोनेटरमधल्या जळणाऱ्या मसाल्यावर अवलंबून असे आणि मसाला जुना झाला की वेळ चुके. वळवाच्या विजेने किंवा भटक्या प्रवाहाने बार अवेळी उडण्याची भीती वेगळीच. स्वीडनमध्ये पेर-आंदेर्स पेर्सन यांनी त्यावर बारीक प्लॅस्टिकच्या नळीचा तोडगा काढला. तिच्या आतल्या भिंतीला स्फोटक पुडीचा पातळ लेप असतो. आघाताची लाट नळीतून सेकंदाला सुमारे २,००० मीटर वेगाने धावते आणि तरीही नळी फुटत नाही. त्यानंतरच्या इलेक्ट्रॉनिक डिटोनेटरमध्ये चिप असते आणि एकेका मिलिसेकंदापर्यंत वेळ नेमता येते.

हादऱ्यांच्या अभ्यासात सगळ्यांत मोठे काम अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सचे. जमिनीचा कण किती वेगाने हलतो हे मिलिमीटर प्रतिसेकंदात मोजायचे आणि घरांच्या नुकसानीशी ताडून पाहायचे, ही दिशा तिथे पक्की झाली. त्यांचे सूत्र साधे आहे : अंतराला, एका वेळी उडणाऱ्या स्फोटकाच्या वजनाच्या वर्गमुळाने भागायचे. एका वेळी २५ किलो उडत असेल आणि घर १०० मीटरवर असेल तर उत्तर २० येते. उत्तर जितके मोठे तितका हादरा कमी. स्फोटक चौपट, म्हणजे १०० किलो केले, तर हादरा तेवढाच ठेवायला घर २०० मीटरवर हवे. यातली ग्यानबाची मेख ‘एका वेळी’ या शब्दांत आहे. ८ मिलिसेकंद किंवा जास्त अंतराने उडणारे बार स्वतंत्र धरायचे, असा संकेत पडल्यामुळे त्याच खाणीत एकूण स्फोटक कमी न करता हादरा कमी करता येऊ लागला.

ब्युरोच्या १९८० च्या अहवालाने आणखी एक गोष्ट ठसवली : नुसता वेग पुरेसा नाही, कंपनांची वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती कंपने होतात (हर्ट्झ), तीही बघायला हवी. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके धक्के दिले तरी तो उंच जातो. घरांनाही अशी स्वतःची लय असते आणि ती मंद असते. म्हणून मंद लाट घराला जास्त बाधते. भारतात खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ मध्ये ठरवलेल्या मर्यादा याच तत्त्वावर आहेत. खाणीच्या मालकीच्या नसलेल्या घरांसाठी ८ हर्ट्झच्या खाली ५, ८ ते २५ हर्ट्झमध्ये १० आणि त्यावर १५ मिलिमीटर प्रतिसेकंद. ऐतिहासिक वास्तूंसाठी हेच आकडे २, ५ आणि १० होतात.

खाणीलगतच्या गावांतले भांडण मात्र या आकड्यांनी मिटत नाही. माणसाला १ मिलिमीटर प्रतिसेकंदाचा हादराही जाणवतो आणि तावदाने खडखडतात ती पुष्कळदा हवेतल्या दाबाने. घरातल्यांना वाटते भिंत गेली; भिंतीतला तडा कदाचित उन्हाळ्यात काळी माती आकसल्याने आधीच पडलेला असतो, कदाचित नसतोही. म्हणून काम सुरू होण्याआधी आसपासच्या घरांतले तडे मोजून त्यांचे फोटो काढून ठेवणे शहाणपणाचे. शिवाय त्या भागाकारावरून हादरा काढताना धरायचे स्थिरांक जागेगणिक बदलतात, ते चाचणीचे बार घेऊनच काढावे लागतात. दख्खनच्या बेसाल्टमध्ये तर एकाच कापणीत उभ्या सांध्यांचा घट्ट काळा पाषाण, सांधे नसलेला मांजऱ्या आणि मध्येच लाल मातकट थर भेटतो. एका थरातला हिशेब दुसऱ्याला लागू पडत नाही.

जिथे खडक फोडायचा पण मागची भिंत दुखवायची नाही, तिथे कडेने जवळजवळ छिद्रे घेऊन त्यांत हलका भार भरतात आणि मुख्य बाराआधी आखलेल्या रेषेवर चीर पाडून घेतात. याला प्री-स्प्लिटिंग म्हणतात. काम जमले असेल तर कापणीच्या भिंतीवर छिद्रांच्या उभ्या अर्धनळ्या शाबूत राहतात.

महाराष्ट्रातला सर्वांत नाजूक सुरुंग पाण्याखाली लागला. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी शिवसागर जलाशयाचे पाणी आणखी खालच्या पातळीवरून घ्यायचे होते, पण त्यासाठी जलाशय रिकामा करणे शक्य नव्हते. म्हणून बोगदा खालून तळापर्यंत नेला, शेवटी खडकाचे बूच ठेवले आणि १३ मार्च १९९९ रोजी ते उडवले. २५ एप्रिल २०१२ रोजी पुन्हा तसेच केले. अशा कामात बार अर्धवट उडाला तर दुरुस्तीला आत जाता येत नाही. म्हणून डिटोनेटरची दुहेरी जोडणी ठेवतात आणि फुटलेला खडक पडायला बोगद्यात खाली खड्डा करून ठेवतात.

इमारती आणि पूल पाडण्यात हीच विद्या वापरतात. फक्त तिथे स्फोटकाने आधार तोडायचा असतो आणि पाडायचे काम गुरुत्वाकर्षणावर सोपवायचे असते. नोएडाचे जुळे मनोरे २८ ऑगस्ट २०२२ रोजी काही सेकंदांत खाली बसले. पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल त्यानंतर महिनाभराने, २ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर, सुमारे ६०० किलो स्फोटकाने उडवला, तेव्हा काँक्रीट झडले आणि पोलादी सळ्यांचा सांगाडा उभाच राहिला. पुलात अपेक्षेपेक्षा जास्त पोलाद निघाले, असे तेव्हा सांगण्यात आले. उरलेला पूल पोकलेनने ओढून पाडावा लागला.