गॅस फर्नेस आणि धुराड्यातून निसटणारी उष्णता

अमेरिकेतल्या घरांना ऊब देणारी गॅस फर्नेस आज कपाटाएवढ्या जागेत मावते. तिच्या सुधारणेचा इतिहास बघायचा तर धुराड्याकडे बघावे, कारण जवळजवळ प्रत्येक टप्पा तिथून निसटणारी उष्णता अडवण्यासाठी आला.

सुरुवात कोळशाची. १८९५ मध्ये आयोवातल्या मार्शलटाउनमध्ये डेव्ह लेनॉक्स यांनी रिव्हेट मारलेल्या पोलादी पत्र्याची भट्टी विकायला काढली. तेव्हा तळघरातल्या भट्टीतून पत्र्याचे रुंद नळ वर जात. पंखा नव्हता, गरम हवा हलकी होऊन आपोआप वर चढे. त्यामुळे दूरच्या खोल्या गारच राहत. १८८५ च्या सुमारास मिनियापोलिसमध्ये अल्बर्ट बुट्झ यांनी खोली थंड पडली की भट्टीची हवेची झडप आपोआप उघडणारे यंत्र तयार केले. आजच्या थर्मोस्टॅटचे ते एक मूळ.

१९१९ मध्ये न्यू जर्सीच्या ॲलिस पार्कर यांना गॅसवर चालणाऱ्या आणि नळांतून खोल्याखोल्यांत ऊब पोचवणाऱ्या फर्नेसचे पेटंट मिळाले. गॅस घरोघर पोचायला मात्र वेळ लागला. दुसऱ्या महायुद्धात टेक्सासहून पूर्वेकडे तेल नेण्यासाठी घातलेल्या दोन मोठ्या पाइपलाइन १९४७ मध्ये नैसर्गिक वायूसाठी विकल्या गेल्या, आणि कोळसा झपाट्याने मागे पडला. तोवर गरम हवा नळांत ढकलणारा विजेचा पंखा, म्हणजे ब्लोअरही आला होता.

या काळातल्या फर्नेसमध्ये बर्नर पेटवणारी पायलटची छोटी ज्योत अखंड तेवत असे. ज्योतीत धरलेला थर्मोकपल, म्हणजे उष्णतेपासून वीज बनवणारा धातूंचा जोड, जेमतेम ३० मिलिव्होल्ट निर्माण करी आणि तेवढ्यावर गॅसची झडप उघडी राही; ज्योत विझली की झडप बंद. सुरक्षेची ही युक्ती फार चांगली होती. उष्णतेच्या बाबतीत मात्र उधळपट्टी होती. धुराड्याचे तोंड घरातल्या हवेला उघडे असल्याने बर्नर बंद असतानाही ऊबदार हवा वर ओढली जाई. हंगामभरात इंधनातली ५५ ते ७० टक्के उष्णताच घराच्या वाट्याला येई.

१९७३ च्या तेलसंकटानंतर याचा हिशेब मांडला जाऊ लागला. १९८७ च्या कायद्याने किमान मर्यादा ठरली आणि १९९२ पासून नव्या फर्नेसना ७८ टक्के वार्षिक कार्यक्षमता बंधनकारक झाली. पायलटच्या जागी विजेने तापून लाल होणारा आणि गॅस पेटवणारा इग्नायटर आणि धूर खेचणारा छोटा पंखा आला.

पण ८० टक्क्यांच्या थोडे पुढे गाडी अडे. गॅस जळला की पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेत इंधनातली सुमारे १० टक्के उष्णता अडकलेली असते. धूर साधारण ५५ अंश सेल्सिअसच्या खाली गेला की वाफेचे पाणी होते, आणि ते आम्लधर्मी पाणी जुने धुराडे आतून पोखरते. म्हणून धूर मुद्दाम गरम ठेवावा लागे. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या, गॅस छोट्या छोट्या ठोक्यांनी जाळणाऱ्या पल्स फर्नेसने हा अडसर ओलांडून ९० टक्क्यांची पातळी गाठली. पुढे धुरातली उरलेली उष्णता घरातल्या हवेला देणारा स्टेनलेस स्टीलचा दुसरा उष्णता-विनिमयक रूढ झाला आणि धूर इतका निवला की प्लास्टिकचा पाइप पुरू लागला.

दुखणी मात्र बदलली. धुराच्या पाइपला फर्नेसकडे दर मीटरला दोन सेंटीमीटर उतार नसेल तर पाणी पाइपातच साचते. निचऱ्याचा सापळा तुंबला तर धूर नीट खेचला जातोय का हे पाहणारा प्रेशर स्विच जोडला जात नाही आणि बर्नर पेटतच नाही. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: नव्या फर्नेसचा धूर जुन्या धुराड्याऐवजी प्लास्टिकच्या पाइपातून जाऊ लागला की त्या धुराड्यावर एकटा राहिलेला पाणी तापवणारा गॅस हीटर त्या मोठ्या धुराड्याला पुरेसा तापवू शकत नाही. मग धूर उलटा घरात येण्याचा धोका असतो. कार्बन मोनॉक्साइडचा विचार करता ही जोडणी तपासणे टाळूच नये.

२०२३ च्या नियमात किमान मर्यादा ९५ टक्क्यांवर नेण्याचे आणि ती २०२८ च्या अखेरीपासून लागू करण्याचे ठरले. या आकड्यात गरम हवेच्या नळांतून होणारी गळती धरलेली नसते. आणि जुन्या फर्नेसच्या पाटीवर ताशी जळणाऱ्या गॅसचा १,००,००० बीटीयू (उष्णतेचे एकक) हा आकडा बघून तेवढीच नवी फर्नेस घेणे, ही चूक अजून होते. जुनी ६० टक्क्यांची यंत्रणा घराला ताशी ६०,००० बीटीयू देत होती. ९५ टक्क्यांची नवी ९५,००० देईल, मिनिटामिनिटाला चालूबंद होईल आणि खोल्या समान तापणार नाहीत. तेवढीच ऊब हवी असेल तर ६३,००० बीटीयूच्या आसपासची नवी फर्नेस पुरते.