मोडांचा हिशेब

परवा मॉलच्या थंड कपाटात मोड आलेल्या मुगाचा २०० ग्रॅमचा डबा दिसला. किंमत ४५ रुपये. झाकणावर ठळक हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘दुप्पट प्रथिने’. त्याच आठवड्यात मी आमच्या वाण्याकडून मूग १३० रुपये किलोने आणले होते. किलोभर कोरड्या मुगाला मोड आणले की वजन साधारण सव्वादोन किलो भरतं (फडकं किती ओलं ठेवलं यावर थोडं मागेपुढे). म्हणजे त्या डब्यात कोरडे मूग जेमतेम ९० ग्रॅम, पावणेबारा रुपयांचे. उरलेले तेहेतीस रुपये पाण्याचे, प्लास्टिकचे आणि त्या दोन हिरव्या शब्दांचे.

पैशांचं सोडा, पण ते दोन शब्द मला घरी आल्यावरही टोचत राहिले. मोड आणले की प्रथिनं वाढतात, असं आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटातही महिन्यातून एकदा तरी येतं. शाळेतलं आठवून पाहा. प्रथिनात नायट्रोजन असतोच. फडक्यात बांधून चाळणीत ठेवलेल्या मुगाला नायट्रोजन देणार कोण? हवेतला नायट्रोजन पकडायला मुळांवर गाठी लागतात, गाठींत रायझोबियम जिवाणू लागतात, आणि ते सगळं शेतात होतं, ओट्यावर नाही. १०० ग्रॅम कोरड्या मुगात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात. मोड आल्यावरही तेवढीच, फक्त आता दुपटीहून जास्त वजनात पसरलेली. काही तक्त्यांत कोरड्या वजनावर टक्का किंचित वाढलेला दिसतो, तो खोटा नसतो. अंकुरताना दाणा श्वास घेतो आणि आपलाच थोडा स्टार्च जाळतो. पगार तोच राहिला आणि घरातलं एक माणूस गावाला गेलं की माणशी उत्पन्न वाढतं, तसं ते वाढणं.

मग मोड आणायचे कशाला? इथे माझा आवडता रेणू येतो, फायटेट.

बी म्हणजे शिदोरी बांधून प्रवासाला निघालेलं रोप. त्या शिदोरीत फॉस्फरस लागतो, कारण डीएनएपासून पेशीच्या पडद्यापर्यंत सगळीकडे तो हवा. तो साठवायची कडधान्यांची तऱ्हा अशी: इनोसिटॉल नावाचं सहा कार्बनचं एक कडं घ्यायचं आणि प्रत्येक कार्बनवर एक फॉस्फेट टांगायचा. सहा खुंट्यांवर सहा फॉस्फेट. हे झालं फायटिक आम्ल, आणि हायड्रोजन सुटलेलं त्याचंच रूप म्हणजे फायटेट. प्रत्येक फॉस्फेट दोन-दोन हायड्रोजन सोडू शकतो, म्हणजे एकूण बारा. ते सुटत जातात तसा रेणूवर ऋण भार चढतो आणि तो लोह, जस्त, कॅल्शियम, मॅग्नेशियम अशा धन भाराच्या आयनांना मिठी मारून बसतो. बीच्या दृष्टीने हे झकासच, एका डब्यात फॉस्फरस आणि खनिजं दोन्ही. पण आपण ती बी खाल्ली की तीच मिठी आपल्या आतड्यात सुटत नाही. लोह ताटात असतं, पोटात जातं आणि तसंच बाहेर पडतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत, पण धान्या-कडधान्यांतलं लोह अंगी न लागणं हे त्यातलं एक.

उष्णतेने हा रेणू फारसा बधत नाही. कुकरमध्ये पाणी १२० अंशांच्या आसपास तापतं, तरी फायटेट बरंचसं तसंच राहतं. त्याला तोडतं ते फायटेज नावाचं विकर (एन्झाइम), आणि ते दाण्याच्या आतच असतं. दाणा भिजला, जागा झाला की फायटेज एकेक फॉस्फेट खुंटीवरून उतरवायला लागतं: सहाचे पाच, पाचाचे चार. गंमत अशी की सगळे सहा उतरायची वाट पाहावी लागत नाही. दोन-तीन उतरले तरी मिठी ढिली पडते आणि लोह सुटं होऊ लागतं. पण न भिजवता थेट शिजवलं, तर कुकर आधी फायटेजलाच मारतो. कुलूप शाबूत, किल्ली वितळली! म्हणून मोड आणणं म्हणजे नवीन काही मिळवणं नव्हे. वाण्याला ज्याचे पैसे दिले ते पदरात पाडून घेणं आहे.

नवीन काही मिळतंच, तर ते क जीवनसत्त्व. कोरड्या दाण्यात ते जवळजवळ नसतं, भिजून मोड फुटताना दाणा ते स्वतः बनवतो. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कूत इथे वेढ्यात अडकलेलं सैन्य हे सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनचं होतं, त्यात मराठा पलटणीही होत्या. तिथे घोड्याचं मांस आणि पांढरा पाव खाणाऱ्या गोऱ्या शिपायांना बेरीबेरी (ब१ जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग) झाला, तर आटा खाणाऱ्या आणि बहुतेक काळ घोड्याला न शिवलेल्या हिंदी शिपायांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग. पुढे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी डेल्फ यांनी गिनीपिगांवर प्रयोग करून १९१९ मध्ये दाखवून दिलं की कोरडी कडधान्यं स्कर्व्ही रोखत नाहीत, पण मोड आलेली रोखतात. क जीवनसत्त्व तेव्हा कुणी वेगळंही केलेलं नव्हतं.

उसळ शिजवताना त्यातलं बरंचसं जातं, हे खरं. म्हणून वरून लिंबू पिळायचं. त्यातलं क जीवनसत्त्व लोहाला शोषायला सोप्या रूपात आणतं. आणि उसळीवर लगेच चहा नको, त्यातलं टॅनिन पुन्हा लोह अडवतं.

‘जिवंत अन्न’ म्हणून कच्चे मोड खाण्याची एक टूम आहे. मोडांतली विकरं म्हणे आपल्या शरीरात कामाला लागतात. जठरातलं आम्ल मुगाची विकरं आणि अंड्याचा बलक यांत भेदभाव करत नाही, दोन्ही पचवतं. शिवाय ऊबदार ओलं फडकं जिवाणूंनाही तितकंच आवडतं. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून घातक ई. कोलाय जिवाणू पसरला आणि ५० हून अधिक माणसं दगावली. निदान वाफ तरी द्या. तसंच ग्रहणाच्या आधी भिजवलेली मटकी फेकून देणारी सुशिक्षित घरं मला माहीत आहेत. चंद्र कुठे आहे हे फायटेजला कळत नाही.

आता माझी फजिती. गेल्या वर्षी स्वस्त मिळाली म्हणून मी पाच किलो मटकी भरली. पत्र्याचा डबा, गॅसजवळचं फडताळ, मध्ये एक अख्खा पावसाळा. या जूनमध्ये ती भिजली व्यवस्थित, मोड निम्म्यांनाच आले, आणि आठ शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली कचकच. हे गणंग नव्हेत. गणंगाच्या सालीतून पाणीच आत शिरत नाही, भिजवल्यावरही तो खड्यासारखा वेगळा कळतो. माझी मटकी मात्र फुगली होती, मऊ होत नव्हती.

याचं जे स्पष्टीकरण सगळ्यात पटतं, त्यातही तेच फायटेज आहे. दाणा मऊ होतो म्हणजे पेशींना चिकटवणारं पेक्टिन विरघळून पेशी सुट्या होतात. उष्ण-दमट डब्यात फायटेज महिनोनमहिने हळूहळू फायटेट तोडत राहतं. सुटलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पेक्टिनच्या साखळ्यांमध्ये जाऊन बसतं आणि गाठी मारतं. मोड येतानाही ही खनिजं सुटतात, पण तिथे वाढता अंकुर ती उचलतो आणि पेशींच्या भिंतीही स्वतःच सैल करत नेतो. डब्यातल्या दाण्याला अंकुर नाही, पाणी नाही, मग गाठी तशाच राहतात. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही ते याच कॅल्शियममुळे, आणि आमसूल शेवटी घालायचं तेही पेक्टिनमुळेच: आंबट पाण्यात ते लवकर सुटत नाही. चिमूटभर सोडा घातला तर सुटतं, पण ब१ जीवनसत्त्व जातं.

तेव्हा स्वस्ताई गाठून साठा करायचाच, तर दोन-तीन महिन्यांपुरता, कोरड्या आणि गार जागी. माझ्या उरलेल्या साडेतीन किलोंना मिक्सर हाच उपाय होता, कारण पातं पेक्टिनची गाठ सोडवत बसत नाही, पेशीच फोडतं. रात्री भिजवायची, सकाळी आलं-मिरची घालून वाटायची आणि धिरडी. सोळा दिवस चालली. सतराव्या दिवशी मुलाने डबा उघडून आत मटकी नाही ना, हे पाहूनच दप्तरात भरला.