कोन्नूरची ‘पांडवांची घरं’: पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यात गोकाकच्या धबधब्याजवळ, कोन्नूरच्या शिवारात, वालुकाश्माच्या टेकड्यांलगत दगडी खोल्या आहेत. उभ्या फरशांच्या भिंती, वर झाकणाची शिळा. ही महापाषाण काळातली, म्हणजे मोठाल्या शिळांची स्मारकं उभारण्याच्या काळातली थडगी. दक्षिणेत हा काळ मुख्यतः इ.स.पू. पहिल्या सहस्रकाचा. अशा थडग्यांत साधारणपणे काळी-तांबडी भांडी, लोखंडी हत्यारं आणि वेचून आणलेली हाडं मिळतात. फरशा सुटतात अशा खडकाच्या कडेलाच ती बांधलेली दिसतात. आपल्याकडे काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. मेलेल्यांना जागा मिळाली ती या दोन्हींबाहेर, माळावर.

टेकाड दिसलं की थडगं, असं मात्र नाही. बेळगावलगतच्या वडगाव-माधवपूरला खोदकामात सातवाहनकालीन वस्ती निघाली, ती पांढर. पूर्वेकडे रायचूर-बळ्ळारी भागातले राखेचे ढिगारे तर नवाश्मयुगीन गोठ्यांतलं शेण जळून झालेले.

खरा गुंता नावाचा. इथे ‘पांडवांची घरं’ म्हणतात. कोप्पळकडे तशाच खोल्यांना ‘मोरेर मने’, म्हणजे मोरेरांची घरं. लोककथेतले मोरेर बुटके, म्हणून तिथल्या खोल्यांच्या उभ्या फरशीत असतं ते गोल भोक त्यांचं दार. मराठी वाचक मात्र मोरेर ऐकताच मौर्य आणि तिथून थेट मोरे आडनावावर येतो. कोकणच्या मौर्यांचा उल्लेख ऐहोळेच्या इ.स. ६३४ च्या शिलालेखात आहे, त्यामुळे मोह समजण्यासारखा आहे. पण अशी थडगी मगधाच्या मौर्यांच्याही कितीतरी आधीपासून बांधली जात होती. नावाचा उच्चार जुळतो, एवढ्यावर वंश जोडता येत नाही. शिवाय ‘घर’ म्हटल्यामुळे आत माणसं पुरली होती, हेच विसरलं जातं. त्यापेक्षा सरळ थडगी म्हणावं.

१८८४ च्या जिल्हा गॅझेटियरमध्ये कोन्नूरची नोंद आली. पुढे १८८७ मध्ये धबधब्याच्या पाण्यावर सूतगिरणी सुरू झाली आणि कोन्नूर-गोकाक म्हटलं की गिरणीच आठवू लागली. १९५६ मध्ये जिल्हा म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला. नंतरचा अभ्यास बहुतेक कन्नड-इंग्रजीत झाला. मराठी पुस्तकं नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांवर थांबतात. ही उणीव मोठी आहे, कारण सीमाभागातला मराठी शेतकरी याच माळांवर गुरं चारतो. कोप्पळजवळचं हिरे बेणकल २०२१ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं. कोन्नूर त्या यादीत नाही.